999च्या आत: झुडिओ आणि घरी न विचारता होणारी कपडेखरेदी

मार्च 2020च्या शेवटी झुडिओ या कपड्यांच्या साखळीची देशात 80 दुकानं होती आणि टाळेबंदीमुळे सगळ्यांची शटरं खाली होती. मार्च 2025च्या शेवटी दुकानांची संख्या 765 झाली, त्यातली दोन संयुक्त अरब अमिरातीत. मधल्या वर्षांचे आकडे ओळीने वाचले की वेग कळतो: 133, 233, 352, 545. महासाथीने कपड्यांच्या धंद्याचं कंबरडं मोडलं होतं. लग्नं पन्नास माणसांत उरकली, कॉलेजं बंद होती, ऑफिसं घरात आली होती. त्या काळातही ही साखळी दरवर्षी साधारण दीडपटीने वाढत राहिली. टीव्हीवर जाहिरात नाही, फलकावर सिनेतारका नाही, इंटरनेटवर एकही कपडा विकायला नाही.

याचं कारण विचारलं की बहुतेक जण एका शब्दात उत्तर देतात: स्वस्त. मला ते अपुरं वाटतं. स्वस्त कपडे आपल्याकडे कधी नव्हते? पुण्यात तुळशीबाग होती, मुंबईत फॅशन स्ट्रीट आणि हिल रोड होता, कोल्हापूरजवळ गांधीनगरची घाऊक पेठ होती, उल्हासनगरची जीन्स तर देशभर जात होती. झुडिओपेक्षा कमी भावात टी-शर्ट तिथे मिळत होता आणि आजही मिळतो. मग गर्दी इकडे का वळली?

माझ्या मते झुडिओने हेरली ती एक रक्कम. अठरा-वीस वर्षांची मुलगी किंवा मुलगा आईवडिलांना न विचारता जेवढे पैसे खर्च करू शकतो, ती रक्कम. दोनशे-तीनशेचा टी-शर्ट, सहाशे-सातशेची जीन्स, आणि दुकानातली जवळपास प्रत्येक वस्तू 999 रुपयांच्या आत. कपडे घेणं हा आपल्या घरांत वर्षानुवर्षं कुटुंबाचा निर्णय होता. दिवाळी, लग्नकार्य, जून महिन्यातला गणवेश. आई पोत बघायची, वडील भाव करायचे, आणि पोराला एक माप मोठंच मिळायचं, कारण ते वाढतं अंग. झुडिओचं गिऱ्हाईक एकटं येतं किंवा मित्रमैत्रिणींबरोबर येतं, आणि खिशातल्या पैशांत निर्णय घेऊन बाहेर पडतं. या प्रकरणातल्या बाकी सगळ्या गोष्टी, किमतीपासून जागेपर्यंत, या एका गोष्टीभोवती जुळवलेल्या दिसतात.

आधीची वर्षं

झुडिओ हे नाव ऐकून कंपनी इटलीची किंवा स्पेनची असावी असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती ट्रेंट या टाटा समूहातल्या कंपनीची साखळी आहे आणि ट्रेंटचा कारभार मुंबईतून चालतो. हे घराणं परदेशी वळणाच्या नावांना नवखं नाही. 1952 साली टाटांनी भारतीय स्त्रियांसाठी सौंदर्यप्रसाधनं काढली तेव्हा त्यांचं नाव लॅक्मे ठेवलं, म्हणजे फ्रेंच वळणाची लक्ष्मीच. मूळच्या जिनिव्हाच्या सिमोन टाटा यांनी ती कंपनी मोठी केली. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात लॅक्मे हिंदुस्तान लिव्हरकडे गेली आणि टाटांनी किरकोळ विक्रीच्या धंद्यात पाय ठेवला. 1998 साली बंगळुरूतलं लिटलवुड्स या ब्रिटिश कंपनीचं दुकान विकत घेतलं आणि त्याचं वेस्टसाइड झालं. पुढे सिमोन टाटांचे पुत्र नोएल टाटा यांनी ट्रेंटची धुरा सांभाळली.

वेस्टसाइडमध्ये एक निर्णय फार लवकर झाला आणि मला तो या प्रकरणाचा पाया वाटतो. त्या काळातली मोठी दुकानं दहा कंपन्यांचे शर्ट एका छताखाली ठेवून कमिशन कमवत होती. वेस्टसाइडने हळूहळू स्वतःच्याच नावांचा माल विकायचं ठरवलं. हे अवघड काम आहे. माल पडून राहिला तर परत कुणाला करणार? रंग चुकला, माप चुकलं, हंगाम चुकला तर सगळा तोटा आपला. म्हणून वेस्टसाइड वर्षानुवर्षं संथ वाढली आणि बाजाराने तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. पण त्या संथ वर्षांत कंपनीने स्वतः कपडा आखणं, कापड ठरवणं, शिवून घेणं आणि वेळेत दुकानात पोहोचवणं ही सगळी साखळी अंगी मुरवली. त्यातच 2010 साली इंडिटेक्स या स्पॅनिश कंपनीबरोबर भागीदारीत तिची झारा ही कपड्यांची साखळी भारतात आली. नवा माल भराभर आणायचा आणि थोडा थोडा आणायचा, ही झाराची जगप्रसिद्ध पद्धत ट्रेंटने भागीदार म्हणून जवळून पाहिली.

झुडिओचा जन्म मात्र अगदी साध्या जागी झाला. ट्रेंटची स्टार बझार ही किराणा-भाजीपाल्याची मोठी दुकानं होती. 2016च्या सुमारास तिथे कपड्यांच्या कोपऱ्याला झुडिओ हे नाव मिळालं. तांदूळ-डाळ घ्यायला आलेलं गिऱ्हाईक जाता जाता टोपलीत टाकेल असे कपडे, एवढीच तेव्हाची अपेक्षा. तो कोपरा इतका चालला की त्याची स्वतंत्र दुकानं निघाली. किराण्याच्या दुकानात जन्मल्यामुळे एक सवय झुडिओला पहिल्यापासून लागली असावी असं मला वाटतं: वस्तू अशी हवी की ती उचलताना माणूस थांबून विचार करणार नाही.

एक हजाराचं कुंपण

999 हा आकडा दुकानदारीतली जुनी युक्ती म्हणून सोडून देता येतो. पण भारतात एक हजाराला त्याहून ठोस अर्थ होता, कराचा.

2016च्या अर्थसंकल्पात एक हजार किंवा त्याहून जास्त छापील किमतीच्या ब्रँडेड तयार कपड्यांवर अबकारी शुल्क लागलं. मग जुलै 2017मध्ये जीएसटी आला. त्यात हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यावर 5 टक्के आणि त्यावरच्या कपड्यावर 12 टक्के असे दोन टप्पे झाले. आता हिशेब करून बघा. 999 रुपयांच्या कपड्यात कर साधारण साडेसत्तेचाळीस रुपये, दुकानाच्या हाती उरतात 951. तोच कपडा 1,099ला विकला तर कर जातो जवळपास 118 रुपये आणि हाती उरतात 981. गिऱ्हाइकाने शंभर रुपये जास्त दिले, त्यातले सत्तर सरकारजमा झाले आणि दुकानाला मिळाले तीस. हजाराच्या थोडं वर किंमत ठेवण्यात दुकानाच्या हाती फारसं काही लागत नव्हतं. ज्याला वर जायचं त्याने बरंच वर जावं, नाहीतर कुंपणाच्या आत राहावं.

झुडिओने केवळ कर बघून आपली मर्यादा आखली असं मी म्हणणार नाही. पण कायद्याने आखलेली रेघ आणि कॉलेजकुमारांच्या खिशाची रेघ एकाच जागी आली, आणि झुडिओ त्या रेघेच्या आत ठामपणे उभी राहिली.

आत राहायचं तर खर्च कुठे वाचवायचा? जाहिरात गेली. ऑनलाइन विक्री गेली, आणि ते समजण्यासारखं आहे. तीनशे रुपयांचा कपडा घरपोच द्यायचा, माप बसलं नाही म्हणून परत आणायचा, पुन्हा घडी घालून ठेवायचा, यात कपड्याचाच नफा संपतो. सेल जवळपास गेला. अर्ध्या भावाचे फलक लावायचे तर आधी भाव दुप्पट लिहावा लागतो, आणि हे या पिढीला पक्कं ठाऊक आहे. दुकान बहुधा सात ते दहा हजार चौरस फुटांचं, म्हणजे एखाद्या शहरातल्या मुख्य रस्त्यावरच्या इमारतीचा तळमजला आणि पहिला मजला पुरतो, मॉलची गरज पडत नाही. कोल्हापूर, नाशिक, नागपूरसारख्या शहरांत झुडिओ पोहोचली ती यामुळे. ढोबळ नफा प्रत्येक कपड्यामागे कमी, पण माल फिरतो झपाट्याने. कंपनीच्या 2023-24च्या वार्षिक अहवालात मिनिटाला 90 टी-शर्ट आणि 20 जीन्स विकल्याचा उल्लेख आहे. ट्रेंटची एकत्रित उलाढाल 2019-20मध्ये साडेतीन हजार कोटींच्या आत होती. 2024-25मध्ये ती सतरा हजार कोटींच्या पुढे गेली. यात वेस्टसाइडचा वाटाही आहे, पण वेस्टसाइडची दुकानं याच पाच वर्षांत 165वरून 248 झाली. वाढीचा जोर कुठून आला हे यावरून समजतं.

दुकानात कुणी मागे लागत नाही

आकडे इथेच ठेवतो, कारण मला जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

आपल्या पारंपरिक कापडदुकानाची रीत आठवा. गादीवर बसलेले शेठ, पुढे पांढरी चादर, आणि नोकर एकामागून एक वीस कपडे उलगडून टाकतो. "दाखवायला काय जातं ताई, घेऊ नका," असं तो म्हणतो. पण वीस कपडे उलगडल्यावर न घेता उठणं जमत नाही, निदान एक तरी घ्यावा लागतो. ही रीत प्रेमळ आहे, पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख जपणारी आहे, आणि मला तिचा आदर वाटतो. पण अठरा वर्षांच्या मुलीला, जिच्या पर्समध्ये चारशे रुपये आहेत, तिथे एकटीने जायला संकोच वाटतो. "बजेट किती?" हा प्रश्नच तिला नको असतो. रस्त्यावरच्या बाजारात संकोच वेगळा. तिथे भाव करता आला पाहिजे, गर्दीत धक्के खाता आले पाहिजेत, आणि कपडा अंगाला लावून अंदाज घ्यायचा, कारण घालून बघायला आडोसा नाही.

झुडिओत दाराशी कुणी विचारत नाही. किंमत चिठ्ठीवर असते आणि ती प्राध्यापकाच्या मुलाला व रिक्षावाल्याच्या मुलाला एकच असते. घालून बघायची खोली आहे, आरसा आहे, वातानुकूलन आहे. पाच कपडे घालून बघून एकही न घेता बाहेर पडलं तरी कुणाच्या कपाळावर आठी येत नाही. तालुक्याच्या गावाहून शिकायला आलेल्या मुलांसाठी ही मोठी गोष्ट आहे. चकचकीत काचेच्या दुकानात आपल्याला शिरता येतं का, हा प्रश्न ज्यांना कधी पडला नाही त्यांना तिचं मोल कळणं कठीण. वीस वर्षांपूर्वी असं दुकान फक्त मॉलमध्ये असायचं आणि तिथले भाव बघून माणूस हळूच चिठ्ठी खाली सोडायचा. इथे चिठ्ठी बघून तो निःश्वास टाकतो.

परदेशी वाटणाऱ्या नावाचं काम इथे होतं. नाव ऐकून दुकान महाग असणार असं वाटतं, आत गेल्यावर ते परवडतं, आणि या दोन्हींतलं अंतर हा गिऱ्हाइकाचा आनंद असतो. भारतीय कपडेवाल्यांनी ही वाट फार पूर्वी धरली. लुधियानाची मॉन्टे कार्लो, अरविंद मिल्सची फ्लाइंग मशीन. आपल्या मुंबईत प्रसाद पाब्रेकर यांनी 1992मध्ये काढलेली जीन्सची स्पायकर हीसुद्धा त्याच वाटेवरची. फरक इतकाच की पूर्वीच्या नावांनी थोडी जास्त किंमत मागितली आणि झुडिओने कमी. नावामुळे दबून गेलेलं गिऱ्हाईक किमतीमुळे मोकळं होतं.

प्रतिस्पर्धी आले, मग वेग मंदावला

यश झाकून राहत नाही. ऑगस्ट 2023मध्ये रिलायन्सने यूस्टा आणली, तिचीही कमाल किंमत 999. शॉपर्स स्टॉपने इनट्यून काढली, आदित्य बिर्ला समूहाने स्टाइल अप. मॅक्स तर आधीपासून होतीच. सगळ्यांची दुकानं तशीच, किमती तशाच, गिऱ्हाईकही तेच. रस्त्याच्या एका बाजूला झुडिओ आणि समोर तिचा प्रतिस्पर्धी, हे दृश्य आता नवं राहिलेलं नाही.

शेअर बाजाराचं प्रेम याच सुमारास शिगेला पोहोचलं. सप्टेंबर 2024च्या शेवटी ट्रेंट निफ्टी 50 या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकात दाखल झाली. ऑक्टोबरात शेअरचा भाव आठ हजारांच्या वर गेला. आणि मग उतरण लागली. जुन्या, वर्षभर चाललेल्या दुकानांची विक्री किती वाढली हा किरकोळ व्यापारातला खरा कस. ट्रेंटच्या कपड्यांच्या दुकानांत तो आकडा पूर्वी दोन अंकी होता, 2025मध्ये खालच्या एक अंकी टप्प्यावर आला. एप्रिल-जून 2025मध्ये महसूल सुमारे 20 टक्के वाढला. दुसऱ्या कुठल्याही कंपनीने पेढे वाटले असते, पण गुंतवणूकदारांची सवय त्याहून मोठ्या आकड्यांची होती आणि जुलैच्या एका दिवसात शेअर दहा टक्क्यांहून जास्त पडला. 2025 संपताना भाव शिखराच्या साधारण निम्म्यावर होता.

माझ्या मते हे मंदावणं मूळ यशातच दडलेलं होतं. झुडिओ विकते ती वारंवारता. गिऱ्हाइकाने वर्षातून दोनदा नव्हे, महिन्यातून दोनदा यावं, यावर सगळा डोलारा उभा आहे. दुकान जवळ असलं तर ते येतं, म्हणून दुकानं जवळजवळ उघडली गेली. पण एकाच शहरात तिसरं, चौथं दुकान निघालं की नवं गिऱ्हाईक थोडं येतं आणि पहिल्या दुकानाचं जास्त फुटतं. खिसा तोच राहतो, मुलगी तीच राहते, फक्त ती कुठल्या दुकानात जाते एवढंच बदलतं. एकूण विक्री वाढत राहते, एकेका दुकानाची खुंटते. विस्ताराच्या आकड्यांवर टाळ्या वाजवणाऱ्यांनी हे आधी बघायला हवं होतं.

दुसरी अडचण एकसारखेपणाची. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एकच छपाई असलेला शर्ट तिघांच्या अंगावर दिसणं, यावर समाजमाध्यमांत पुष्कळ थट्टा झाली आहे. मालात खूप विविधता आणली तर प्रत्येक नक्षीचा खर्च वाढतो आणि किंमत कुंपणाबाहेर जाते, न आणावी तर तरुण कंटाळतात. नवा माल भराभर बदलत राहणं हा यावरचा उपाय, आणि झुडिओ तो करते. पण त्याचाही एक हिशेब आहे आणि तो कंपनीच्या ताळेबंदात येत नाही.

तो हिशेब उल्हासनगरच्या लोकांना ठाऊक आहे. तिथल्या जीन्स धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यांनी वालधुनी नदीचा निळा-काळा नाला केला आणि अखेर ते कारखाने बंद करायची वेळ आली. स्वस्त जीन्सची किंमत कुणीतरी कुठेतरी पाण्यात भरत असतं. हे एका साखळीचं पाप आहे असं मी म्हणत नाही, सगळ्या जलद फॅशनचा हा प्रश्न आहे. पण ज्यांचा धंदाच महिन्याला दोन कपडे विकण्याचा आहे, त्यांच्यावर जबाबदारी जास्त येते. शिवाय जुना कपडा पुढे जातो कुठे? आपल्याकडे बोहारीण यायची, जुन्या साड्या-पँटी पारखून घ्यायची आणि बदल्यात स्टीलचा डबा द्यायची. तिच्या पारखीला सुती साडी उतरायची, जाड पँट उतरायची. वर्षभरात विरलेला मिश्र धाग्याचा पातळ टी-शर्ट तिच्या गाठोड्यात कितीसा मोलाचा? तो शेवटी फरशी पुसायला जातो आणि मग कचऱ्यात. टाटांसारख्या घराण्याने, ज्याच्या नावावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात, जुने कपडे परत घेण्याची सोय प्रत्येक झुडिओत करावी, अशी माझी स्पष्ट अपेक्षा आहे. दुकानं शेकड्यांनी आहेत आणि त्यांच्यापर्यंत माल नेणारे ट्रक आहेत, म्हणजे वाटही तयार आहे.

कुंपण हलल्यावर

22 सप्टेंबर 2025पासून जीएसटीचे टप्पे बदलले. आता 2,500 रुपयांपर्यंतच्या कपड्यावर 5 टक्के कर आहे. झुडिओचा जवळपास सगळा माल आधीच 5 टक्क्यांत होता, त्यामुळे तिला यात थेट मिळालं काहीच नाही. मिळालं ते हजार ते अडीच हजारांच्या पट्ट्यातल्या दुकानांना, ज्यात वेस्टसाइडही येते. बाराशेच्या कुर्त्याला आता जादा कराचा फटका नाही. झुडिओच्या 799च्या आणि दुसऱ्या दुकानातल्या 1,199च्या कपड्यातलं अंतर गिऱ्हाइकाच्या नजरेत थोडं कमी झालं आहे.

त्याच महिन्यात ट्रेंटने तरुणांसाठी आणखी एक नवी साखळी सुरू केली. तिचं नाव बर्न्ट टोस्ट, म्हणजे नावाची परंपरा पुढे चालू आहे. मला ही चाल समजते. 2019मध्ये अठरा वर्षांची असलेली झुडिओची पहिली गिऱ्हाइकं आता नोकरीला लागली आहेत. घरी न विचारता खर्च करता येणारी त्यांची रक्कम वाढली आहे, आणि तोच शर्ट शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या अंगावर नको असं त्यांना वाटू लागलं आहे. त्यांना वर न्यायचं तर वेगळं दुकान लागणार, कारण झुडिओची किंमत वाढवली तर मागून येणारी अठरा वर्षांची पोरं यूस्टात जातील. सप्टेंबर 2025च्या शेवटी झुडिओची दुकानं 806 झाली होती, म्हणजे सहा महिन्यांत एकेचाळीसची भर. यापुढच्या तिमाहींत मी नव्या दुकानांच्या आकड्याआधी जुन्या दुकानांची वाढ बघणार आहे, आणि त्यातही अशा शहरांतली, जिथे झुडिओच्या दोनशे पावलांवर दुसरं तसंच दुकान उघडलं आहे.